अवघड जागेचे दुखणे : संकोचाची किंमत आणि सार्वजनिक आरोग्य

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसतहसत वापरतो. परंतु आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रातील एक मूलभूत पेच तिच्यात सामावलेला आहे. दुखणे आहे, वैद्यही आहे. तो घरचाच आहे आणि पैसेही घेणार नाही. तरीही उपचार होत नाहीत, कारण दुखणे त्याला दाखविता येत नाही. सेवा उपलब्ध असणे आणि ती प्रत्यक्ष वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या अनेक कार्यक्रमांचे यशापयश या दोहोंमधील अंतरावर अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा माझा एक विद्यार्थी अचानक वर्गात येईनासा झाला. चार महिन्यांनी तो भेटावयास आला, तेव्हा या वर्षी परीक्षेस बसणार नसल्याचे त्याने सांगितले. बराच वेळ गप्प राहून मग तो म्हणाला, “सर, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारतो.” माझी डॉक्टरेट अर्थशास्त्रातील आहे, हे त्यालाही ठाऊक होते, पण विचारण्यासाठी त्याच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. जननेंद्रियावर बारीक, पिवळसर दाणे दिसल्यापासून त्याची झोप उडाली होती. आपणास गुप्तरोग झाला आहे, कदाचित एड्सही असेल, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे गेला होता आणि खानावळीचे व पुस्तकांचे पैसे पुड्यांवर घालवून बसला होता.

मी त्याला शासकीय रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात पाठविले. तेथील तपासणीस दहा मिनिटेही लागली नाहीत. ते दाणे म्हणजे त्वचेतील तैलग्रंथी होत्या. तो रोग नव्हताच. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून रक्ताच्या चाचण्या करविल्या, त्याही निर्दोष आल्या. त्या वर्षाची संधी मात्र गेली होती. अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला वर्गात कधी देता आलेले नाही.

प्रस्तुत लेखात अशा शंकेमागील वैद्यकीय वस्तुस्थिती, ती मनात दडवून ठेवल्याने होणारे वैयक्तिक व सामाजिक नुकसान आणि या क्षेत्रातील शासकीय व्यवस्था यांचा विचार केला आहे.

प्रत्येक पुळी म्हणजे गुप्तरोग नव्हे

जननेंद्रियाच्या भागातील त्वचा ही अखेर त्वचाच आहे. तेथे केस, तैलग्रंथी व घर्मग्रंथी असतात आणि त्यांचे नेहमीचे विकारही तेथे होतात. अनेक उंचवट्यांचा लैंगिक संबंधांशी काडीचाही संबंध नसतो. ओठांच्या कडेला व जननेंद्रियावर दिसणारे पिवळसर दाणे ‘फोर्डाइस कण’ या नावाने ओळखले जातात. जॉन ॲडिसन फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले. पुरुषांमध्ये शिश्नमुंडाच्या कडेला मोत्यांसारख्या बारीक दाण्यांची रांग आढळते. स्त्रियांमध्येही योनीमुखाजवळ तसेच मऊ, एकसारखे उंचवटे असू शकतात. ही सर्व शरीररचनेची स्वाभाविक रूपे आहेत. ती संसर्गजन्य नाहीत आणि त्यांना उपचारांची गरज नसते.

याखेरीज दाढी करावी तसे केस काढल्याने त्वचेत वळलेला केस, केसतोड, घामोळे, तैलग्रंथीची गाठ, खरूज ही कारणेही नेहमीची आहेत. खरजेत येणाऱ्या गाठी फार खाजतात आणि घरातील इतरांनाही खाज असते. खरूज निकट सहवासातून पसरते. त्यासाठी लैंगिक संबंधच व्हावा लागतो असे नाही.

लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांमध्येही सर्व एका माळेचे मणी नसतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू अर्थात एचपीव्ही याच्यामुळे जननेंद्रियावर चामखिळी येतात. त्या बहुधा दुखत नाहीत आणि त्यांचा पृष्ठभाग पुष्कळदा फुलकोबीसारखा खडबडीत असतो. मोलस्कम या विषाणूजन्य विकारात मध्यभागी खळगा असलेले, मोत्यासारखे चकचकीत उंचवटे येतात. लहान मुलांना तो साध्या स्पर्शाने होतो. प्रौढांच्या जननेंद्रियावर आढळल्यास तो बहुधा लैंगिक संपर्कातून आलेला असतो. हर्पिसमध्ये पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, तो फुटून वेदनादायक जखमा होतात आणि त्या पुन्हा पुन्हा उद्भवू शकतात. सिफिलिस म्हणजे उपदंशाची पहिली खूण एक कठीण, न दुखणारा व्रण असते. संसर्गानंतर सरासरी तीन आठवड्यांनी आणि ९ ते ९० दिवसांच्या दरम्यान केव्हाही ती दिसू शकते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जे दुखते त्याने माणूस घाबरतो; पण उपदंशाचा व्रण दुखत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. उलट, विद्यार्थ्याला चार महिने जागविणारे दाणे पूर्णतः निरुपद्रवी होते. भीतीची तीव्रता आणि रोगाचे गांभीर्य यांचा मेळ बसेलच असे नाही. यास्तव चित्रांशी तुलना करून स्वतःच निदान करणे दोन्ही दिशांनी फसवे ठरते. निदानासाठी जाणत्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहणे आणि गरजेनुसार चाचणी करणे, याला पर्याय नाही.

“कोणाकडून?” या प्रश्नाची मर्यादा

अशा वेळी आजाराच्या चिंतेइतकाच किंवा त्याहून अधिक त्रास संशयाचा होतो. संसर्ग कोणाकडून आला, केव्हा आला, जोडीदाराने फसविले काय, असे प्रश्न मनात घर करतात. विज्ञान येथे संयमाचा सल्ला देते. एचपीव्हीचा संसर्ग झाल्यानंतर चामखीळ दिसण्यास काही आठवडे ते कित्येक महिने लागतात. क्वचित वर्षेही लोटतात. हर्पिसचा विषाणू शरीरात सुप्त राहून फार उशिरा प्रकट होऊ शकतो. म्हणून आज दिसलेल्या लक्षणावरून कालच्या वर्तनाचा निवाडा करता येत नाही. अनेक संसार रोगाने नव्हे, तर रोगाविषयीच्या घाईच्या निष्कर्षाने मोडतात.

मात्र जोडीदाराला कळविणे आणि त्याची किंवा तिची तपासणी करविणे आवश्यक असते. त्यामागे दोष शोधण्याचा हेतू नसतो. एकावर उपचार झाले आणि दुसऱ्यावर झाले नाहीत, तर बरा होणारा संसर्गही पुन्हा परततो. एवढेच त्याचे व्यावहारिक कारण आहे.

या बाजारात ग्राहक अनुभवाने शहाणा का होत नाही?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना केनेथ ॲरो यांचा १९६३ मधील वैद्यकीय सेवेविषयीचा निबंध परिचित असेल. रुग्ण व डॉक्टर यांच्याजवळील माहितीत मोठी विषमता असते आणि रोगाविषयी मूलभूत अनिश्चितता असते. म्हणून वैद्यकीय सेवेचा बाजार सामान्य वस्तूंच्या बाजारासारखा चालत नाही, असे त्यांनी दाखविले. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन, ग्राहकाला गुणवत्ता ओळखता येत नसेल तेथे निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर घालवू शकतो, हे स्पष्ट केले. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

गुप्तरोगांच्या क्षेत्रात ही विषमता पराकोटीला पोहोचते. सामान्यतः ग्राहक अनुभवातून शिकतो, शेजाऱ्याला विचारतो, वाईट माल विकणाऱ्याची तक्रार करतो. येथे यांपैकी एकही मार्ग खुला नसतो. रुग्ण कोणाला विचारीत नाही, फसवणूक झाल्यास तक्रार करीत नाही आणि त्याचा स्वतःचा अनुभवही त्याची दिशाभूल करतो. कशी, ते पाहू.

मोलस्कमचे उंचवटे आणि पुष्कळशा चामखिळी काही काळाने आपोआप नाहीशा होतात. हर्पिसच्या जखमा दोन ते चार आठवड्यांत भरतात. उपदंशाचा प्राथमिक व्रणही तीन ते सहा आठवड्यांत उपचारांविना बुजतो. त्या काळात रुग्ण जी पुडी खात असेल, तिलाच श्रेय मिळते. उपदंशात तर ही गोष्ट धोक्याची असते. व्रण बुजला तरी जंतू शरीरात राहतात. पुढे अंगावर पुरळ येते, तेही ओसरते आणि कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू व मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. याउलट फोर्डाइस कण कधीच जात नाहीत, कारण तो रोगच नव्हे. तेथे भोंदू उपचारकाला न संपणारा ग्राहक मिळतो. रोग आपोआप बरा होवो अथवा मुळात नसो, दोन्ही स्थितींत विक्रेत्याचा लाभ होतो. बाजाराच्या अपयशाचे इतके परिपूर्ण उदाहरण क्वचितच सापडते.

हे ओळखूनच संसदेने १९५४ मध्ये औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम केला. गुप्तरोगांसह अनुसूचीतील ५४ रोग व अवस्थांच्या निदान-उपचारांच्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्यातील काही तरतुदी अवैध ठरविल्या. त्यानंतर १९६३ च्या दुरुस्तीने रोगांची अनुसूची कायद्यातच समाविष्ट करण्यात आली. राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा हा कायदा आहे. तथापि बसस्थानकांच्या आणि स्वच्छतागृहांच्या भिंती पाहिल्या, म्हणजे कायदा करणे व तो राबविणे यांतील अंतर लक्षात येते.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमांचा आहे. जांघेतील खाज किंवा पुरळ यांवर स्टिरॉइड असलेली मिश्र मलमे सर्रास लावली जातात. त्यांनी तात्पुरता आराम पडतो. पण बुरशीचा संसर्ग दबून पसरतो, त्याचे रूप पालटते आणि त्वचा पातळ होते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या स्टिरॉइड औषधांवरील नियम कडक केले आणि चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीला आळा घालण्याचा प्रयत्न केला.

एकाचा संकोच, अनेकांचे नुकसान

एखाद्याने स्वतःचे दुखणे लपविले, तर तो त्याचा खासगी प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु संसर्गजन्य रोगांत व्यक्तीच्या निर्णयाचे परिणाम इतरांनाही भोगावे लागतात. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. उपचार घेणारी व्यक्ती स्वतःबरोबरच जोडीदाराचे आणि होणाऱ्या बालकाचेही रक्षण करते. मात्र निर्णय घेताना हा सामाजिक लाभ तिच्या हिशेबात पुरेसा धरला जात नाही. म्हणून केवळ बाजारावर सोडल्यास अशा उपचारांचा वापर समाजाला हव्या असलेल्या प्रमाणापेक्षा कमीच राहतो. ही सेवा मोफत देण्याचे समर्थन दयाबुद्धीवर नव्हे, तर या तर्कावर आधारलेले आहे.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगातील १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस व ट्रायकोमोनियासिस या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांच्या सुमारे ३७.४ कोटी नव्या लागणी झाल्या. त्यांपैकी अनेकांत लक्षणे नसतात किंवा सौम्य असतात. उपदंशग्रस्त गर्भवतीवर वेळीच उपचार न झाल्यास गर्भपात, मृत बालकाचा जन्म किंवा बालकास जन्मजात उपदंश होण्याचा धोका असतो. जननेंद्रियावर व्रण असल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची व पसरण्याची शक्यता वाढते. दुसरीकडे, प्रारंभिक उपदंशासाठी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन एकदाच घेणे सामान्यतः पुरेसे असते. अत्यल्प खर्चात टळणारी एवढी मोठी हानी आरोग्याच्या अर्थशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसते.

शासकीय व्यवस्था : लक्षणाधारित उपचार ते सुरक्षा क्लिनिक

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. लैंगिक आजारांवरील उपचार हा प्रारंभापासूनच एचआयव्ही प्रतिबंधाचा भाग मानला गेला. कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यास १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या कालावधीसाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद मंजूर करण्यात आली. ही केंद्र शासनाच्या संपूर्ण अर्थसाहाय्याची योजना आहे.

या कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये इत्यादी ठिकाणी लैंगिक व प्रजनन मार्गाच्या संसर्गांसाठी विशेष केंद्रे आहेत. ती ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. ‘गुप्तरोग विभाग’ या पाटीखाली उभे राहणे अनेकांना नकोसे वाटते. नाव बदलल्याने संकोचाची किंमत थोडी कमी होते. धोरणात अशा लहान बाबींनाही महत्त्व असते.

प्रयोगशाळा सर्वत्र नाहीत आणि रुग्ण दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नाही, या वास्तवातून लक्षणाधारित उपचारांची पद्धत स्वीकारण्यात आली. रुग्णाच्या लक्षणसमूहावरून संभाव्य सर्व प्रमुख जंतूंवर पहिल्याच भेटीत औषध द्यावयाचे, हे तिचे तत्त्व होय. कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात यासाठी सात रंगांचे औषधसंच तयार करण्यात आले. मूत्रमार्गातील स्रावासाठी करडा, योनीस्रावासाठी हिरवा, हर्पिस नसलेल्या व्रणासाठी पांढरा, पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांच्या व्रणासाठी निळा, हर्पिसच्या व्रणासाठी लाल, ओटीपोटातील वेदनेसाठी पिवळा आणि जांघेतील सुजलेल्या गाठीसाठी काळा, अशी ती योजना होती. दूरच्या आरोग्य केंद्रातही चूक होऊ नये, इतकी ती सुटसुटीत होती.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. ज्यांना लक्षणेच नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. अनावश्यक प्रतिजैविके दिली जाण्याची आणि त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू वाढण्याची शक्यता राहते. गोनोरियाच्या बाबतीत हा धोका जगभर जाणवत आहे. शिवाय चामखिळी, मोलस्कम व निरुपद्रवी दाणे यांच्यासाठी सातांपैकी एकही संच नाही. त्यांचे निदान डॉक्टरांच्या नजरेवरच अवलंबून असते. चामखिळींवर औषध लावणे, त्या गोठविणे किंवा विद्युतदहनाने काढणे असे उपाय आहेत. पण ते प्रशिक्षित हातांनीच व्हावयास हवेत.

गोपनीयतेची हमी हा व्यवस्थेचा दुसरा आधार आहे. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने एचआयव्ही चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक केली, एचआयव्हीविषयक माहिती उघड करण्यावर निर्बंध घातले आणि नोकरी, शिक्षण व आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही चाचणी मोफत होते. नॅकोच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर नाव न सांगताही विचारणा करता येते. किशोरवयीनांसाठी जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरस्नेही आरोग्य केंद्रांची तरतूद आहे. महाराष्ट्रात ‘मैत्री’, कर्नाटकात ‘स्नेहा’, पश्चिम बंगालमध्ये ‘अन्वेषा’ या नावांनी ती ओळखली जातात.

स्त्रियांचे मौन

हा प्रश्न पुरुषांपुरता मानणे ही मोठी चूक ठरेल. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. या दोन आकड्यांमधील दरी म्हणजे मौनाचे मोजमाप आहे. त्या काळी माता-आरोग्य म्हणजे प्रसूती व कुटुंबनियोजन, एवढीच धोरणकर्त्यांची दृष्टी होती. या अभ्यासाने त्या चौकटीबाहेरील वेदना जगापुढे आणली.

माहितीचा अभाव आजही मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) एचआयव्ही व एड्सविषयी सर्वंकष ज्ञान असलेल्यांचे प्रमाण १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत २१.६ टक्के, तर पुरुषांत ३०.७ टक्के होते. एचआयव्हीविषयी दीर्घकाळ प्रचार होऊनही ही स्थिती असेल, तर ज्यांचा प्रचार झालाच नाही अशा अन्य संसर्गांविषयीच्या अज्ञानाची कल्पना करता येते.

उपचारापूर्वीचा उपाय : लस

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळी ६ व ११ या प्रकारांमुळे होतात. त्यांचा कर्करोगाशी सहसा संबंध नसतो. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ व १८ हे प्रकार असतात. चामखीळ म्हणजे कर्करोगाची सुरुवात, ही भीती म्हणूनच निराधार आहे. तथापि एका प्रकाराची लागण झालेल्या व्यक्तीस दुसऱ्या प्रकाराचीही लागण असू शकते, म्हणून स्त्रियांनी नियमित तपासणी टाळू नये. या विषाणूचा व कर्करोगाचा संबंध शोधल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १.२७ लाख नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लसीस जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देण्यासाठी ती तयार केलेली आहे. त्याआधी पंजाबने २०१६ मध्ये दोन जिल्ह्यांत आणि सिक्कीमने २०१८ मध्ये राज्यभर एचपीव्ही लसीकरण हाती घेतले होते. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची घोषणा केंद्र शासनाने केली. लस झालेला संसर्ग बरा करीत नाही; म्हणून ती लैंगिक जीवन सुरू होण्यापूर्वी देणे सर्वाधिक लाभाचे ठरते. निरोधचा वापर बहुतेक संसर्गांपासून चांगले संरक्षण देतो. मात्र त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या एचपीव्ही व हर्पिसपासून मिळणारे संरक्षण अंशतः असते.

खर्चाचा हिशेब कोठे मांडावा?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात रुग्णांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु संकोचापोटी होणारा खर्च या चर्चेत दिसत नाही. भोंदू उपचारकाला दिलेल्या पैशांची पावती नसते. गमावलेले शिक्षण, जागून काढलेल्या रात्री, मोडलेला विश्वास यांची नोंद कोणत्याही लेख्यात होत नाही. केवळ औषध मोफत केल्याने ही किंमत शून्य होत नाही. प्रतीक्षागृहात मोठ्याने नाव पुकारले जाणे, “लग्न झाले आहे का?” हा प्रश्न चार लोकांत विचारला जाणे, हेही रुग्णाला मोजावे लागणारे मूल्यच आहे. पडदा, स्वतंत्र खोली आणि समुपदेशकाचा सौजन्यपूर्ण स्वर यांवरील खर्च म्हणूनच चैनीचा नसून उत्पादक आहे. त्याविना मोफत औषधाचे संच कपाटात पडून राहतात.

वैयक्तिक पातळीवर करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. उंचवटा किंवा व्रण दिसल्यास तो फोडू नये, त्यावर मनाने मलम लावू नये, निदान होईपर्यंत लैंगिक संबंध टाळावा आणि लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञ अथवा सुरक्षा क्लिनिक गाठावे. डॉक्टरांना खरी माहिती द्यावी. संसर्गानंतर काही आठवडे रक्तचाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यास ती पुन्हा करावी. चाचण्या निर्दोष येऊनही भीती जात नसेल, तर तो मनाचा आजार समजून त्याचीही लाज बाळगू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अशाच साहाय्यासाठी आहे.

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी उद्याचे प्रशासक आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या आढावा बैठकीत त्यांच्यापुढे औषधसाठ्याचे, चाचण्यांचे, खर्चाचे आकडे येतील. त्या वेळी न आलेल्या रुग्णाचा रकाना त्या तक्त्यात नसेल, हे त्यांनी लक्षात ठेवावे. मी उल्लेखिलेला विद्यार्थी पुढील वर्षी परीक्षेस बसला. निघताना त्याने विचारलेला प्रश्न माझ्या स्मरणात आहे : “सर, हे दहा मिनिटांचे काम होते, तर मला चार महिने कोणी सांगितले का नाही?” या प्रश्नाचे उत्तर देण्याचे दायित्व कुटुंब, शाळा, आरोग्य यंत्रणा आणि प्रशासन या सर्वांवर आहे.